निपाणीची माणसे आणि मातृभाषेचा रकाना

निपाणी मराठी आहे, हे आपण सीमावासीय गेली सत्तर वर्षे सांगत आलो आहोत. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकाकडेच ठेवले. पण त्याच अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्रात जावीत, असेही म्हटले होते. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, ही गोष्ट वेगळी. बेळगावच्या बाबतीत ज्यांनी आपले ऐकले नाही, त्यांनाही निपाणीचे मराठीपण नाकारता आले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

मात्र 'मराठी निपाणी' म्हणजे कोणकोणती माणसे, याचा विचार आपल्या सभांतून फारसा होत नाही. साठ हजारांवर वस्तीचे हे गाव एका जातीचे नाही, एका धर्माचे नाही आणि घरच्या बोलीपुरते पाहिले तर एका भाषेचेही नाही. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेसाठी माणसे मोजण्याचे ठरले आहे. त्यात जातीचीही नोंद होणार आहे. सर्व जातींची मोजणी होऊन तिचे आकडे छापले गेले, ते १९३१ मध्ये शेवटचे. म्हणून हा विषय आताच काढतो आहे.

वंशाची गोष्ट आधी थोडक्यात उरकतो. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले साहेब नाकाची लांबी-रुंदी मोजून हिंदुस्थानच्या लोकांचे वंश ठरवीत. मराठी मुलखातील ब्राह्मण आणि कुणबी या दोघांनाही त्यांनी 'सिथो-द्रविड' या एकाच खान्यात टाकले होते. शास्त्राने ते खाते केव्हाच बंद केले. आपल्याकडे मात्र अजूनही चेहरा आणि आडनाव पाहून माणसाची भाषा ठरविणारे पुष्कळ आहेत.

निपाणीत आडनावावरून काही ठरत नाही. पाटील मराठा असेल, जैन असेल, लिंगायत असेल. मगदूम आणि चौगुले यांचेही तसेच. देसाई म्हटले तर विचारायलाच नको. पेशवाईच्या अखेरीस निपाणी ज्यांच्या ताब्यात होती ते आप्पा देसाई हे सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजे मराठा. पण ब्राह्मण देसाई आहेत, लिंगायत देसाई आहेत, आणि गुजरातेतही देसाई आहेत.

गाव वाढले ते बाजारपेठेमुळे आणि तंबाखूमुळे. विडीच्या तंबाखूसाठी देशात दोन मुलूख नावाजलेले, गुजरातचा चरोतर आणि आपला निपाणी भाग. तंबाखूच्या मागे व्यापारी आले, त्यांत गुजराती आणि मारवाडीही होते. वखारीत तंबाखू चाळायला गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या गोरगरीब बायका गेल्या, त्यांत दलित आणि मुसलमान बायका पुष्कळ. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर बसले. शेवटी गोळीबार झाला, माणसे गेली. त्या गर्दीत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही बोलींचे शेतकरी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ मध्ये प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी याच निपाणीत आले होते. गावची बौद्ध वस्ती ती आठवण अभिमानाने सांगते, आणि सांगते ती मराठीत.

जैन समाजाचे उदाहरण फार बोलके आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधीला झाली. सभेचे मुखपत्र मराठी. तिच्या कार्यकर्त्यांत मात्र घरी कन्नड बोलणारी कुटुंबेही होती. कोल्हापूरच्या बाजूला गेलात तर जैनांच्या घरात मराठी ऐकू येते, चिकोडीच्या पुढे गेलात तर कन्नड. निपाणी अगदी मधोमध. लिंगायतांचेही तसेच आहे. मुसलमानांच्या घरात दखनी बोलतात. प्रगणकाला सांगताना 'उर्दू' म्हणतात आणि पेठेत चोख मराठीत व्यवहार करतात. धनगरांत मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारेही आहेत. वडारांची बोली तेलुगूच्या जवळची, कैकाड्यांची तमिळच्या जवळची. सीमाभागात दगडकामाला, ऊसतोडीला येणाऱ्या लमाण्यांची तर गंमतच आहे. त्यांची लमाणी बोली जनगणनेच्या अंतिम तक्त्यात हिंदीच्या पोटात जाते. तांड्यावर हिंदीचा एक शब्द न बोलणारी म्हातारीही दिल्लीच्या हिशेबात हिंदी भाषक ठरते.

२०११ मध्ये मी प्रगणक म्हणून काम केले. एका जैन कुटुंबात आजी कन्नड बोलणारी, तिचा मुलगा अर्थातच तिच्याशी कन्नडच बोले. सून इचलकरंजीकडची, तिची मराठी. दोन्ही नातवंडांशी ती मराठीतच बोले. घरचे कर्ते म्हणाले, "गुरुजी, सगळ्यांची कन्नडच लिहा, भानगड नको." नियम तसा नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. आई तान्हेपणीच वारली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः जी बोलली जाई ती. ही नोंद प्रत्येक माणसाची स्वतंत्र करायची असते, कुटुंबाची एकत्र नाही. तेव्हा त्या घरात दोघांची कन्नड आणि तिघांची मराठी लिहिली. आजींना ते लगेच पटले. कर्त्यांना जरा वेळ लागला.

या एका रकान्यावर काय अवलंबून आहे, ते आपल्या खेड्यापाड्यांत माहीत असायला हवे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने आणि राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षणांत असे आहे की, जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्या भाषेतही द्यावेत. २०११ मध्ये बेळगाव जिल्ह्यात मराठी सुमारे १९ टक्के, कन्नड सुमारे ६८ आणि उर्दू सुमारे १० टक्के नोंदली गेली. पंधरा आणि एकोणीस यांत अंतर किती, हे मुलांच्या बोटांवरही मोजता येईल. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, हे सूत्र १९४९ पासूनचे, आणि १९५६ मध्ये घटनेत ३५० (अ) कलमही आले. सूचना प्रत्यक्षात कितपत मराठीत येतात, हे वाचकांना मी सांगायला नको. पण मागणीचा अर्ज करायचा तर हातात आकडा लागतो.

दुसरी गोष्ट खास निपाणीची. २०११ मध्ये निपाणी चिकोडी तालुक्यात होती, म्हणून तालुक्याचा भाषिक हिशेब झाला तो चिकोडीचा. निपाणी तालुका पुढे २०१८ मध्ये झाला. तेव्हा या तालुक्याची स्वतःची भाषावार गणना पहिल्यांदा मिळेल ती येत्या जनगणनेतच. त्यानंतर दहा वर्षे प्रत्येक अर्जावर तोच आकडा राहील.

मला भीती वाटते ती जातीच्या रकान्याची. जात आणि मातृभाषा एकाच बैठकीत लिहायची. घाईतला किंवा परगावचा प्रगणक लिंगायत ऐकले की कन्नड, मुसलमान ऐकले की उर्दू, वडार ऐकले की तेलुगू असे न विचारताच नोंदवील. अशाने मराठीचा आकडा घटेल, कन्नडचाही चुकेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकातील शाळांच्याच खटल्यात म्हटले की, मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे, सरकारने नव्हे. तो निकाल शाळेच्या माध्यमाबद्दल होता. पण घरच्या भाषेबद्दल घरच्यांनाच विचारावे, हे उंबऱ्यावर उभ्या असलेल्या प्रगणकालाही लागू व्हायला हरकत नसावी.

समितीतल्या काही मित्रांचे म्हणणे असे की, इतक्या बारकाव्यात न शिरता सगळ्यांनी 'मराठी' सांगावे. मी त्यांच्याशी सहमत नाही. वडाराच्या पोराने मराठी शाळेत बाराखडी गिरवली म्हणून त्याच्या आईची बोली पुसायची असेल, तर आपल्यावर तेच करणाऱ्यांना आपण कोणत्या तोंडाने बोलणार? शिवाय मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद २०११ च्या तक्त्यात होती. तिथे दखनी घरातल्या माणसाने मराठी लिहिली, तर निपाणीच्या पेठेची भाषा कोणती, ते आपोआप कागदावर येते. मराठी माणसानेही तिथे कन्नड येत असेल तर कन्नड लिहावी. त्यात कमीपणा नाही, आणि आपला दावाही त्याने लंगडा होत नाही.

या वेळी नोंद कागदावर नाही, मोबाईलवर होणार आहे. घरच्यांनी स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. प्रगणक दारात आला तर घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगवेगळी सांगा, सुनेची विसरू नका, आणि तो उठण्याआधी प्रत्येकाच्या नावापुढे काय नोंदले ते मोठ्याने वाचून घ्या.