पाळीव सशाची निद्रा व आहार

ससा-कासवाची गोष्ट ठाऊक नाहीं असा मराठी वाचक विरळा. त्या गोष्टींतील ससा भर वाटेंत झाडाखालीं झोंपतो आणि शर्यत हरतो. तेव्हांपासून आळसाचा जो शिक्का त्या बिचाऱ्यावर बसला तो बसलाच. वास्तविक दिवसां स्वस्थ पडून राहणें हा पाळीव सशाचा स्वभावधर्मच आहे. शेतकऱ्याचें घर निजलेलें असतें त्या वेळीं त्याचा खरा दिवस चालूं असतो. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ घरीं मुलांच्या हौसेसाठीं आणलेले ससे महिना-दोन महिन्यांत दगावतात, आणि “ससा नाजूकच, तो टिकावयाचा नाहीं,” असें म्हणून घरचीं माणसें आपलें समाधान करून घेतात. आमच्या मतें या मृत्यूंचें कारण बहुधा सशाचा नाजूकपणा नसून, त्याची निजण्याखाण्याची रीत आपणांस ठाऊक नसणें हें होय. गाईबैलांचें रवंथ पाहून त्यांची प्रकृति ओळखणाऱ्या शेतकऱ्यास ही रीत समजणें मुळींच अवघड नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत तिचें विवेचन करण्याचें योजिलें आहे.

शिवारांतील ससा व घरांतील ससा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या रानांतून पायाजवळून एकदम उसळून पळणारा करडा ससा आणि बाजारांतून आणलेला पांढरा अथवा ठिपकेदार ससा हे एका जातीचे प्राणी नव्हेत. शिवारांतील ससा बीळ खणीत नाहीं. गवतांत नुसती बसकण करून राहतो, व त्याचीं पिलें जन्मतःच केंसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. पाळीव सशाचे पूर्वज मूळचे स्पेन-पोर्तुगालकडील, बिळें खणून जमावानें राहणारे. त्यांचीं पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात; डोळे उघडण्यास सुमारें दहा दिवस लागतात. शिवारांतील सशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण दिलेलें आहे. तेव्हां कापणीच्या वेळीं त्याचें पिलूं सांपडल्यास, आई जवळ दिसत नाहीं एवढ्यावरून तें टाकलेलें आहे असें समजून घरीं आणूं नये. जेथें सांपडलें तेथेंच आडोशास राहूं द्यावें. यापुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व पाळीव सशाविषयीं समजावें.

निद्रेची रीत

ज्या प्राण्यास चहूंकडून शत्रु आहेत त्यास निश्चिंत झोंप कोठून मिळणार? सशाचे पूर्वज तांबडें फुटतांना व दिवेलागणीच्या सुमारास चरावयास बाहेर पडत, रात्रींही बराच वेळ चरत, आणि ऊन चढलें म्हणजे बिळांत जाऊन पडत. पिंजऱ्यांत पिढ्यान् पिढ्या गेल्या तरी ही घडी मोडलेली नाहीं. पाळीव ससा चोवीस तासांत एकंदर आठ ते अकरा तास झोंपतो, परंतु सलग नव्हे. थोडा वेळ डुलकी, पुन्हा कान टवकारणें, पुन्हा डुलकी, असे त्या झोंपेचे तुकडे असतात.

ससा पुष्कळदां डोळे उघडे ठेवूनच झोंपतो. त्यामुळें तो जागा आहे अशी समजूत होऊन मुलें त्यास उचलूं जातात, आणि तो दचकून अशा जोरानें मागचे पाय झाडतो कीं कधीं कधीं त्यांत त्याचाच कणा मोडतो. जागा आहे कीं झोंपला आहे हें ओळखण्याची खूण डोळ्यांत नसून नाकांत आहे. जागेपणीं त्याचें नाक सारखें हलत असतें. झोंप लागूं लागली म्हणजे तें हलणें मंदावतें व गाढ झोंपेंत थांबतें. त्याचबरोबर कान पाठीवर सैल पडतात.

निजण्याच्या ढबाही पाहण्याजोग्या आहेत. चारी पाय अंगाखालीं घेऊन गोळा होऊन बसणें ही हलकी झोंप. वेळ पडल्यास चटकन उठतां यावें अशी ती बैठक असते. मागचे पाय लांब पसरून पोटावर पडणें ही निर्धास्तपणाची खूण. जो ससा घरास पुरता रुळला, तो कधीं कधीं उभ्या उभ्या एकदम कुशीवर कोसळतो व निपचित पडून राहतो. नवख्या माणसास तो मेलासें वाटून घरांत एकच आरडाओरड होते. अशा वेळीं बरगडीचा वरखालीं होणारा भाता पाहावा व त्यास तसेंच राहूं द्यावें. सशानें असें पडणें ही धन्यावरील विश्वासाची पावतीच समजावी.

उन्हाळ्याविषयीं मात्र विशेष जपलें पाहिजे. सशास घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यत्वेंकरून कानांवाटे बाहेर टाकतो. हवा तीस अंश सेल्सियसच्या पलीकडे गेली म्हणजे त्यास त्रास होऊं लागतो. मग खानदेश-विदर्भांतील चाळिसांवरचा वैशाख त्यास कसा सोसावा? पत्र्याखालीं पिंजरा कदापि ठेवूं नये. जाड भिंतीच्या खोलींत, वारा खेळेल अशा जागीं, एका अंगास ओलें तरट सोडून ठेवावें. ससा तोंड उघडून धापा टाकूं लागला तर कानांवरून ओला हात फिरवावा. अंगावर गार पाणी एकदम ओतूं नये, व पशुवैद्यास दाखविण्यास विलंब करूं नये.

सशाचें रवंथ

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळूं. सशाची झोंप आणि सशाचें खाणें या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच चक्राचे दोन भाग आहेत. बैल चरून आला कीं सावलींत बसून रवंथ करतो. त्याची ती बैठक मोडून त्यास औतास जुंपणारा शेतकरी अडाणीच म्हणावा लागेल. सशास बैलाप्रमाणें चार कप्प्यांचें पोट नाहीं, पण गवत तर त्यासही पचवावयाचें आहे. निसर्गानें त्यास निराळी युक्ति दिली आहे.

सशाच्या लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते. तीस अंधांत्र म्हणतात. पचनमार्गांतील एकंदर ऐवजापैकीं सुमारें चाळीस टक्के ऐवज या एका पिशवींत मावतो. खाल्लेल्या गवतांतील जाड धागे आंतडें वेगळे काढून कोरड्या वाटोळ्या लेंड्यांच्या रूपानें बाहेर टाकतें. बारीक व सत्त्वयुक्त भाग मागें फिरवून अंधांत्रांत पाठवितें. तेथें असंख्य सूक्ष्म जंतु तो भाग आंबवून त्यापासून प्रथिनें व ‘ब’ वर्गाचीं जीवनसत्त्वें तयार करतात. कांहीं तासांनीं हा माल लहान, मऊ, चकचकीत गोळ्यांच्या घोसाच्या रूपानें बाहेर येतो, आणि ससा वांकून तो गुदद्वारापासूनच उचलून न चावतां गिळतो. गोळ्यांवर बुळबुळीत आवरण असल्यामुळें जठरांतील आम्लांतही त्या कांहीं वेळ तशाच राहतात, आणि दुसऱ्या फेरींत त्यांतील सत्त्व अंगीं लागतें.

मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ सालीं या प्रकाराचें वर्णन केलें. पण तें बरींच वर्षें दुर्लक्षित राहिलें. पुढें १९३९ सालीं मॅडसन या संशोधकानें ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकांत हा विषय पुन्हा उजेडांत आणला. आपल्याकडे अजूनही कित्येकजण हें दृश्य पाहून “ससा घाण खातो” म्हणून त्यास हांकलतात. ही घाण नव्हे. हें त्याचें रवंथ आहे.

आणि हें रवंथ तो केव्हां करतो? चरणें थांबवून शांत पडलेला असतांना, म्हणजे बहुधा दिवसां. यावरून त्याच्या विश्रांतीचें महत्त्व वाचकांच्या लक्षांत येईल. दुपारीं पाहुण्यांस दाखविण्यासाठीं त्यास वारंवार बाहेर काढणें, कुत्र्यास पिंजऱ्यापाशीं भुंकूं देणें, शेजारीं जात्याचा अगर यंत्राचा खडखडाट असणें, या सर्वांनीं केवळ झोंपमोड होत नाहीं. त्याच्या जेवणाचा दुसरा भागही बिघडतो. मऊ गोळ्या वरचेवर पिंजऱ्यांत तशाच पडलेल्या दिसल्या तर दाणा किंवा गोड पदार्थ फार होत आहेत, अथवा ससा लठ्ठपणानें किंवा दुखण्यानें वांकूं शकत नाहीं, असें समजावें.

दांत व गवत

सशास एकंदर अठ्ठावीस दांत. वरच्या पुढील दांतांच्या मागें आणखी दोन लहान दांत असतात. उंदीर-घुशींस ते नसतात, म्हणून शास्त्रज्ञ सशास त्यांच्या वर्गांत धरीत नाहींत. हे सर्व दांत जन्मभर वाढतात. पुढील दांत तर आठवड्यास दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत चघळतांना ते एकमेकांवर घासून जागच्या जागीं राहतात. गवत सोडून भरडा व फळें यांवर ठेवलेल्या सशाचे दांत वेडेवांकडे वाढून गालास व जिभेस टोंचतात. मग समोर अन्न असूनही तो उपाशी मरतो.

याच गवतानें त्याचें आंतडेंही चालतें राहतें. ससा दिवसरात्रींत तीस-चाळीस वेळां थोडें थोडें खातो, आणि निरोगी सशाचें पोट केव्हांही पूर्ण रिकामें नसतें. त्यास वांति करतां येत नाहीं; वाईट पदार्थ पोटांत गेला तर परतीची वाट नाहीं. यास्तव आहाराची वांटणी पुढीलप्रमाणें असावी.

आहाराचा मोठा भाग, शेंकडा ऐंशींहून अधिक, स्वच्छ वाळलेल्या गवताचा असावा. हरळी, मारवेल यांसारखीं गवतें फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावलींत वाळविलेलीं उत्तम. सशाच्या आकाराएवढी पेंढी रोज गव्हाणींत असावी व ती रात्रीं संपतां कामा नये. बुरशीचें किंवा ढिगांत तापलेलें गवत देऊं नये. हिरवा पाला मूठ-दोन मुठी पुरे. मुळ्याचा व गाजराचा पाला, कोथिंबीर हीं चांगलीं. कोबीचीं पानें बेतानें. गाजर हें सशाचें मुख्य अन्न ही समजूत चित्रांनीं पसरविली आहे. गाजराची एखादी चकती खाऊ म्हणून द्यावी, अधिक नको. लसूणघास वाढत्या पिलांस व दुभत्या मादीस हितकर. प्रौढ सशास त्यांतील चुना अधिक होऊन मूत्र दाट व गढूळ होतें. तयार खाद्याच्या कांड्या द्यावयाच्या तर वजनाच्या दर किलोस दिवसां पंचवीस ग्रॅमपलीकडे जाऊं नये. भाकरी, भात, मका, गूळ व बिस्किटें पूर्ण वर्ज्य समजावीं. पिठूळ अन्नानें अंधांत्रांतील उपकारक जंतु मागें पडून विषारी जंतु बळावतात, व कोवळीं पिलें तर एका रात्रींत जातात.

रुई, कण्हेर, धोतरा, घाणेरी व एरंड यांचा पाला जवळ येऊं देऊं नये; फवारणी केलेल्या शेताचा बांधही कापूं नये. पाणी दर किलो वजनास दिवसां शंभर मिलिलिटरच्या आसपास लागतें, उन्हाळ्यांत त्याहून जास्त. जड मातीच्या पसरट भांड्यांत तें सदैव भरलेलें असावें. आहार बदलणें झाल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

माता व पिलें

मादी सुमारें एकतीस दिवसांनीं विते. विण्यापूर्वीं ती आपल्या अंगाची लोंकर उपटून घरटें करते. त्यानंतर ती दिवसभर पिलांकडे फिरकतही नाहीं, हें पाहून “आईनें पिलें टाकलीं” असा ग्रह होतो आणि लोक चमच्यानें गाईचें दूध पाजूं लागतात. यांत पुष्कळ पिलें ठसका लागून मरतात. मादी चोवीस तासांत एकदां, क्वचित् दोनदां, तीही तीन-चार मिनिटेंच पाजते; शत्रूस घरट्याचा माग लागूं नये म्हणून निसर्गाची ही योजना आहे. सकाळीं पिलांचीं पोटें टंच व कातडी गुळगुळीत दिसली तर आपण कांहींच करावयाचें नाहीं.

धोक्याचीं चिन्हें

रोज पहाटे व दिवेलागणीस दोन गोष्टी पाहाव्या: गवत किती उतरलें आणि लेंड्या किती पडल्या. लेंड्या लहान होऊं लागल्या, कमी झाल्या किंवा साखळीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या तर पोट मंदावूं लागलें असें समजावें. हलकी दांतखाई समाधानाची असते. पण पाठीस कुबड काढून, डोळे अर्धवट मिटून ससा कोपऱ्यांत बसला असेल व कडकड दांत वाजवीत असेल, तर ती झोंप नव्हे, वेदना आहे. बारा तासांत त्यानें कांहीं खाल्लें नाहीं किंवा लेंडी टाकली नाहीं, तर “उद्यां पाहूं” असें न म्हणतां पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. बैल एक दिवस चारा सोडून सांवरूं शकतो. सशास तेवढी सवड नसते. माणसांसाठीं घरांत असलेलीं पेनिसिलिन जातीचीं औषधें तोंडावाटे त्यास मुळींच देऊं नयेत. त्यांनीं आंतड्यांतील जंतूंचा नाश होऊन ससा दगावतो. उलट मूत्र क्वचित् तांबूस दिसलें तर तें बहुधा पाल्यांतील रंगानें होतें. एक-दोन दिवसांत न निवळल्यास मात्र तपासावें.

असो. ससा ओरडत नाहीं, दावें तोडीत नाहीं, भूक लागली म्हणून हंबरत नाहीं; त्याचें सुखदुःख त्याच्या नाकावरून, गवताच्या पेंढीवरून व लेंड्यांवरून वाचावें लागतें. ज्यांच्या घरीं ससा आहे त्यांनीं दुपारीं त्यास स्वस्थता द्यावी, रात्रीं गव्हाण भरलेली ठेवावी, आणि मुलांस त्याच्याशीं खेळण्याची वेळ दिवेलागणीची नेमून द्यावी. मुक्या जनावराची घडी ओळखून आपली घडी तीस जुळवून घेणें हा शेतकऱ्याचा पिढीजात गुण आहे; तो गोठ्याइतकाच सशाच्या पिंजऱ्यापाशींही उपयोगीं पडेल.