गोळीला किती, किलोला किती

पुण्याच्या एका उपनगरात किराणा दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात हा दवाखाना आहे. संध्याकाळी साडेसातला आत चार कुत्री, एक मांजर आणि त्यांची माणसं. दारातच जमिनीलगतचा सपाट वजनकाटा. इथे आलेल्या पेशंटला काय होतंय हे नंतर विचारतात, आधी काट्यावर चढवतात.

आत्ता पाळी आहे एका तपकिरी लॅब्राडॉरची. तो पुढचे दोन पाय काट्यावर ठेवतो आणि मागचे दोन फरशीवर. काटा म्हणतो, १७. "चढ रे राजा, पूर्ण चढ," असं म्हणत कंपाउंडर मागून ढकलतो, तेव्हा आकडा ३१ वर थांबतो.

"लसीला आणला होतात तेव्हा तेहतीस होता ना हो?" डॉक्टर विचारतात.

"चार दिवस झाले, ताटाकडे बघतच नाही."

डॉक्टर त्याचा ओठ वर करून हिरड्या बघतात. फिकट आहेत. मग कान उलटून, शेवटी पंजाची बोटं फाकवून. तिथे वाटाण्याएवढी फुगलेली, राखाडी रंगाची गोचीड. चिमट्यानं ती निघते आणि स्पिरिटच्या डबीत पडते. "टिक फीवर वाटतोय. पण रक्त बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही."

खर्चाची सुरुवात या वाक्यापासून होते. कुठे दुखतंय ते पेशंट सांगत नाही, त्यामुळे जे माणसाला विचारून कळतं ते इथे तपासून काढावं लागतं. पुढच्या पायावरचे केस मशीननं भादरले जातात, मालक मान धरतात, कंपाउंडर कोपराशी शीर दाबतो आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिली रक्त उतरतं. माणसाच्या लॅबमध्ये एक जण जे काम बसल्या बसल्या उरकतो, त्याला इथे तिघं लागतात. रिपोर्टमध्ये प्लेटलेट ४८ हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन ते पाच लाख असतात.

मग डॉक्टर कागदावर हिशेब मांडतात. डॉक्सिसायक्लिन, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. ३१ किलो म्हणजे ३१० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या तीन गोळ्या. सकाळी दीड, रात्री दीड. दिवस २८. एकूण ८४ गोळ्या.

"चौऱ्याऐंशी?" मालकांचा आवाज चढतो. "मला डॉक्टर पाच दिवसांच्या देतात हो."

गंमत अशी, की बिलातली सगळ्यात छोटी ओळ या चौऱ्याऐंशी गोळ्यांचीच निघते. डॉक्सिसायक्लिन हे माणसाचंही औषध. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यानं त्याच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. शेजारच्या मेडिकलमध्ये तीच पट्टी मिळते. एकूण बिल चार आकडी होतं ते तपासणी फी, रक्त, सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आठवड्यानं पुन्हा रक्त, पुन्हा फी असं करत करत. कुत्र्याला ना आयुष्मान कार्ड, ना मालकाच्या कंपनीचा मेडिक्लेम. कुत्र्यांच्या विमा पॉलिसी आता मिळतात, पण आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत, आणि पॉलिसीची आठवण बहुतेकांना आजार झाल्यावरच येते.

करांचा हिशेबही मजेशीर आहे. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या उपचारांवर जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. कुत्र्या-मांजरांच्या पाकीटबंद खाण्यावर मात्र १८ टक्के.

खरा फटका बसतो तो पैसे वाचवायला गेल्यावर. या तापात डॉक्सिसायक्लिन सुरू झालं की कुत्रं बहुधा दोन-तीन दिवसांत शेपूट हलवायला लागतं. मालकाला वाटतं, बरा झाला. उरलेल्या पट्ट्या फ्रिजवर जातात. काही आठवड्यांनी तेच कुत्रं नाकातून रक्त येत असताना रिक्षातून परत येतं. आता सलाईन पुरत नाही, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं. म्हणून इथले डॉक्टर केसपेपरवर शेवटच्या गोळीची तारीख लिहितात आणि तिच्याभोवती दोनदा गोल करतात.

कोपऱ्यातलं मांजर भाजीच्या पिशवीतून आलं आहे. दीड वर्षाची बोकी, वजन सव्वातीन किलो. घरच्या काकूंनी ताप आहे असं वाटून पॅरासिटामॉलची पाव गोळी दुधातून दिली. "लहान बाळांना देतो की आपण," त्या पुन्हा पुन्हा सांगतात. तोंड सुजलंय, हिरड्या मातकट झाल्यात. पॅरासिटामॉलचा निचरा करायला यकृतातली जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार तोकडी असते. औषधाचं विष होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहू शकत नाहीत आणि रक्त चॉकलेटसारखं दिसायला लागतं. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन. तेही माणसाच्याच मेडिकलमधून येतं. सोबत ऑक्सिजन, सलाईन आणि रात्रभर कुणीतरी जागं. पाव गोळीला पैसा पडला असेल-नसेल, तिच्यापायी मांजर अॅडमिट होतं. डॉक्टर काकूंना रागवत नाहीत. ते फक्त विचारतात, "किती वाजता दिली?" आणि घड्याळाकडे बघतात.

काउंटरवर गोचिडीच्या चघळायच्या गोळ्यांची रंगीत खोकी आहेत. फ्लुरालेनरची एक गोळी बारा आठवडे गोचीड मारते. तिची खोकी वजनाच्या टप्प्यांत येतात: साडेचार ते दहा किलो, दहा ते वीस, वीस ते चाळीस. गोळी मोडून अर्धी अर्धी द्यायची नाही, असं खोक्यावरच छापलेलं. साडेएकोणीस किलोचं कुत्रं दिवाळीत फराळाला लागलं की पुढच्या महागड्या खोक्यात जातं. एक कॉलेजचा मुलगा खोक्याची किंमत वाचतो, ठेवून देतो, परत उचलतो. "घेच," मघाचे लॅब्राडॉरवाले आपल्या हातातलं बिल त्याला दाखवतात, "मी मागच्या वेळी घेतली नाही."

स्वस्त वाट मुळीच नाही असं नाही. मुंबईत परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय त्याहून जुनं. धर्मादाय रुग्णालय म्हणून ओळख असल्यानं तिथे रांगेत सेंट बर्नार्डच्या मागे रस्त्यावरचं लंगडं कुत्रंही असतं. गावाकडे १९६२ नंबर फिरवला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी येते; तिच्या समोर बहुतेक गाय, म्हैस नाहीतर शेळी असते. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पशुधनाच्या योजनेत 'पशु औषधि' हा भाग जोडून स्वस्त जेनेरिक पशुऔषधांसाठी ७५ कोटी ठेवले. जनऔषधीसारखीच कल्पना, पण मनात धरलाय तो गोठा.

दुसऱ्या टोकाला मुंबईतच महालक्ष्मीला २०२४ मध्ये उघडलेलं टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली प्राणी रुग्णालय. अशा ठिकाणच्या तपासण्यांत एमआरआय म्हटलं की अनेकांचा प्रश्न असतो, कुत्र्याला एवढे पैसे कशाला? यंत्र माणसाचं असतं तशाच धर्तीचं. पण "हलू नका" म्हटल्यावर माणूस पडून राहतो. कुत्र्याला त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि भूल आली की ती देणारा, श्वासावर लक्ष ठेवणारा आणि जाग येईपर्यंत शेजारी बसणारा माणूसही आला.

साडेनऊ. लॅब्राडॉरची सलाईन संपली. कंपाउंडर पट्ट्या मोजून पाकिटात घालतो. चौऱ्याऐंशीचा मेळ बसावा म्हणून शेवटची पट्टी कात्रीनं चार गोळ्यांवर कापतो.

"पोटात काहीतरी गेल्यावर द्या. दूध, दही, पनीर यांतून नको, औषध नीट लागत नाही. आणि वरून पाणी पाजा, नाहीतर गोळी घशात अडकून जखम करते," डॉक्टर सांगतात. "पहिली इथेच देऊन बघा."

मालकांनी घरून पोळी आणली आहे. दीड गोळी पोळीच्या तुकड्यात गुंडाळली जाते. चार दिवस उपाशी असलेला राजा हुंगतो, तोंडात घेतो, बराच वेळ चावतो. सगळा दवाखाना बघतो आहे. पोळी आत जाते. मग काट्याच्या शेजारी, फरशीवर, आधी अर्धी गोळी पडते आणि तिच्या मागोमाग अख्खी.

"आता पंच्याऐंशी लागतील काय?" मालक विचारतात. डॉक्टर वाकून दोन्ही तुकडे उचलतात, पुसतात आणि दुसऱ्या हातानं राजाचा जबडा उघडतात.