ट्रॅक्टरची संरक्षक चौकट : गावात वेल्डिंग करून बसवावी का?

डिसेंबर महिन्यात मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनात यंत्रांच्या दालनापाशी उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, कंपनीची चौकट महाग पडते. आमच्या रस्त्यावरचा फॅब्रिकेशनवाला निम्म्या पैशात जाड पाइप वाकवून, ट्रॅक्टरला जोडून देतो म्हणतो. चालेल का?" मी कृषिविद्येचा शिक्षक. लोखंड हा माझा विषय नव्हे. म्हणून अभियांत्रिकी शाखेतील सहकाऱ्यांशी बसून हा विषय समजून घेतला आणि तोच आपल्यापुढे मांडत आहे.

ट्रॅक्टर उलटतो कसा?

ट्रॅक्टर दोन प्रकारे उलटतो. पहिला प्रकार बाजूला कलंडण्याचा. बांधाच्या किंवा कालव्याच्या कडेने चालताना कड ढासळते, उतारावर वेगात वळण घेतले जाते किंवा दोन्ही ब्रेकची कडी न लावता रस्त्यावर ब्रेक दाबला जातो. मग ट्रॅक्टर एका अंगावर जातो.

दुसरा प्रकार मागे उलटण्याचा असून तो अधिक घातक आहे. मागची चाके चिखलात रुतलेली असतात किंवा ट्रॉलीच्या ओझ्याने अडलेली असतात. अशा वेळी क्लच झटकन सोडला तर इंजिनाचा जोर चाके फिरवू शकत नाही, म्हणून तो ट्रॅक्टरचे धूड मागच्या अॅक्सलभोवती फिरवतो आणि पुढची चाके वर उचलली जातात. चाके उचलल्यापासून सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा अवस्थेला पोहोचतो की तेथून तो परत खाली आणता येत नाही. दीड सेकंदात तो पूर्ण उलटा झालेला असतो. एवढ्या वेळात उडी मारणे कोणालाही साधत नाही. 'मी सावध असतो' हे म्हणणे येथे कामाचे नाही.

चौकट काय करते?

संरक्षक चौकट, म्हणजे कंपन्यांच्या भाषेत 'रोप्स', ट्रॅक्टर उलटल्यावर चालकाभोवती जिवंत राहण्यापुरती जागा शिल्लक ठेवते. सीटबेल्ट चालकाला त्या जागेत धरून ठेवतो. दोन्ही मिळून एकच साधन आहे, असे समजावे.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चौकट सक्तीची केली. तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू १९५७ मध्ये दर एक लाख ट्रॅक्टरमागे १७ होते. १९९० पर्यंत ते ०.३ वर आले. शेतकरी तेच, उतारही तेच. फरक पडला तो प्रामुख्याने चौकटीने.

मग प्रश्न असा, की आपणही पाइप वाकवून तशीच चौकट का बनवू नये?

चौकट मजबूत असून भागत नाही

बहुतेकांचा समज असा, की जितका जाड पाइप तितकी चौकट चांगली. हा समज अर्धाच खरा आहे. उलटणाऱ्या ट्रॅक्टरचा धक्का कोठेतरी जिरावा लागतो. चांगली चौकट थोडी वाकते, वाकताना धक्का पोटात घेते, पण तुटत नाही आणि चालकाच्या जागेत शिरत नाही. पातळ चौकट चपटी होते. फार ताठ चौकट वाकत नाही. मग सारा जोर तळाच्या जोडावर आणि बोल्टवर येतो आणि चौकट मुळातून निखळते.

ट्रॅक्टरच्या चौकटीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत यासाठी नेमके आकडे ठरलेले आहेत. समजा ट्रॅक्टर २,००० किलो वजनाचा आहे. चौकटीवर वरून सुमारे ४०,००० न्यूटन, म्हणजे चार टन वजनाइतका दाब देतात. बाजूने ढकलताना चौकटीने ३,५०० ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. ही ऊर्जा म्हणजे दोन टनांचे ओझे सुमारे १८ सेंटिमीटर उंचीवरून पडल्यावर बसणारा धक्का. मागून, वरून, बाजूने असे हे सर्व दाब एकाच चौकटीवर, मध्ये दुरुस्ती न करता दिले जातात. एवढे करूनही चालकाची जागा मोकळी राहिली तरच चौकट उत्तीर्ण होते. आपल्याकडे या चाचणीसाठी भारतीय मानक ११८२१ आहे.

रस्त्यावरच्या दुकानात यांतले काहीच तपासता येत नाही. तेथे बनलेल्या चौकटीची पहिली चाचणी ट्रॅक्टर उलटेल त्या दिवशी होते, आणि ती आपल्या अंगावर होते.

पुण्यातील मुलांचे उदाहरण

आमच्या कृषी महाविद्यालयाजवळच, शिवाजीनगरात, १८५४ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आता त्याचे विद्यापीठ झाले आहे. तेथील आणि राज्यातील इतर महाविद्यालयांतील मुले 'बाहा' नावाच्या स्पर्धेसाठी खडबडीत रानात चालणारी छोटी गाडी स्वतः बांधतात. भारतात ही स्पर्धा २००७ पासून होत आहे. गाडीभोवतीचा पाइपचा सांगाडा, म्हणजे रोल केज, मुलेच वेल्डिंग करून तयार करतात. म्हणजे घरच्या घरी केज बनवणे अशक्य नाही. पण त्यांच्यावरची बंधने पाहा.

पाइपच्या पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के असावा लागतो आणि त्याचा दाखला द्यावा लागतो. पाइपचा व्यास आणि जाडी नियमाने बांधलेली असते. शिवाय ज्याने वेल्डिंग केले त्याला त्याच पाइपचे नमुना-जोड करून दाखवावे लागतात. एक नमुना मोडून पाहतात, की जोड तुटतो की पाइप. दुसरा कापून पाहतात, की वितळलेला धातू आतपर्यंत उतरला आहे की नाही. ती गाडी आपल्या ट्रॅक्टरच्या मानाने अगदी हलकी असते. हलक्या गाडीला एवढी परीक्षा लागते, तर दोन टनांच्या ट्रॅक्टरला डोळ्यांच्या अंदाजावर सोडून कसे चालेल?

जोड कोठे दगा देतो?

१) वेल्डिंगचा मणी बाहेरून सुबक दिसला म्हणजे जोड पक्का, असे नाही. करंट कमी असेल किंवा हात घाईने फिरवला असेल तर धातू वरच्यावर बसतो, आत उतरत नाही. असा जोड रोजच्या कामात वर्षानुवर्षे टिकतो आणि एका धक्क्यात उकलतो.

२) ओलसर हवेत उघडी पडलेली वेल्डिंगची कांडी दमट होते. त्या ओलाव्यामुळे जोडात छिद्रे पडतात आणि थंड झाल्यावर बारीक तडे जाण्याचा धोका वाढतो. रंग लावल्यावर ते दिसत नाहीत.

३) कोणी जुन्या बाजारातून पाइप आणतो, कोणी बोअरचा काढलेला पाइप वापरतो. आतून गंजलेल्या पाइपची खरी जाडी बाहेरून कळत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग केल्यास जोड सच्छिद्र होतो आणि धुराने कारागिराला ताप येतो.

४) पाइप वाकवताना वळणावर चपटा झाला, की पहिली घडी तेथेच पडते.

५) सर्वांत मोठी चूक म्हणजे चौकटीचे पाय मडगार्डवर किंवा थेट मागच्या अॅक्सलच्या आवरणावर वेल्ड करणे. मडगार्ड पत्र्याचे असते, ते भार घेत नाही. अॅक्सलचे आवरण बहुतेक ट्रॅक्टरमध्ये बिडाचे असते. बिडावर साध्या कांडीने वेल्डिंग केले की जोडाशेजारी तडा जातो. उष्णतेने आतील ऑइल सील आणि बेअरिंग खराब होतात ते वेगळेच. कंपनीची चौकट ठरलेल्या जागी, ठरलेल्या ताकदीच्या बोल्टने बसवतात. त्यामागे हेच कारण आहे.

मुळशी, मावळ, वेल्हे भागात काही जण जुन्या जीपला केज बसवतात. त्यांनाही हेच लागू आहे. पातळ तळपत्र्यावर टेकवलेला पाय अपघातात पत्रा फाडून आत येतो. डोक्याजवळचा उघडा पाइप तर हेल्मेट नसताना केवळ गचक्यानेही कपाळमोक्ष करू शकतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनाने फेरबदल करता येत नाही. कोणताही बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

सावलीचे छत म्हणजे चौकट नव्हे

अनेक ट्रॅक्टरवर उन्हासाठी छत बसवलेले असते. उन्हात ते हवेच. पण बारीक पाइपचे ते छत ट्रॅक्टर उलटताना तग धरत नाही. डोक्यावर काहीतरी आहे या भरवशावर चालक अधिक धाडस करतो, हा त्यातला खरा धोका आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून छत, अवजारांचे स्टँड, ट्रॉलीची फळी जरूर करून घ्यावी. चौकट मात्र करून घेऊ नये.

मग काय करावे?

१) नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याला विचारावे : या मॉडेलला चाचणी झालेली चौकट मिळते का? तिच्यावर मानकाचा आणि मॉडेलचा उल्लेख असलेली पट्टी आहे का? सीटबेल्ट सोबत आहे का?

२) जुन्या ट्रॅक्टरसाठीही त्याच मॉडेलची चौकट मिळते का, याची चौकशी करावी. दुसऱ्या मॉडेलची चौकट छिद्रे पाडून बसवू नये. चौकटीला नंतर छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणेही टाळावे.

३) द्राक्षाच्या मांडवाखाली आणि डाळिंबाच्या बागेत उंच चौकट अडते. तेथे दुमडणारी चौकट घ्यावी आणि बागेबाहेर येताच ती उभी करावी.

४) चौकट उभी असेल तर सीटबेल्ट लावावाच. चौकट नसेल किंवा दुमडलेली असेल तर बेल्ट लावू नये.

५) एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरची वाकलेली चौकट सरळ करून पुन्हा वापरू नये. ती बदलावी.

६) चौकट मिळतच नसेल तर उलटण्याचे प्रसंग टाळावेत. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारला द्यावी, साखळी अॅक्सलला किंवा वरच्या लिंकला कधीही अडकवू नये. रुतलेला ट्रॅक्टर पुढे रेटण्याऐवजी मागे घेऊन काढावा. चढावर क्लच सावकाश सोडावा. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची कडी लावावी. विहीर, ओढा, कालवा यांच्या कडेपासून किमान त्यांच्या खोलीइतके अंतर ठेवावे. मडगार्डवर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये.

शेतकरी बंधूंनो, आपल्या गावचा वेल्डर कुशल असतो, याबद्दल शंका नाही. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा साटा तो उत्तम जोडतो. तो जोड तुटला तर पुन्हा जोडता येतो. चौकटीचा जोड मात्र एकदाच कसोटीला लागतो आणि त्या वेळी त्याखाली आपण किंवा आपला मुलगा बसलेला असतो. तेव्हा छत सावलीसाठी घ्यावे आणि जिवासाठी चाचणी झालेली चौकटच घ्यावी.