राग आवरणेही शिकवावे लागते

‘जरा कुणी पेन्सिल घेतली की हा अंगावर धावून जातो.’ ‘फळ्याजवळ बोलावले की ही रडायलाच लागते.’ शाळांतून ऐकू येणाऱ्या या तक्रारी नव्या नाहीत. ओरडणे, वर्गाबाहेर उभे करणे, पालकांना बोलावून घेणे हे त्यावरचे ठरलेले उपाय. मूल हट्टी आहे, लाडावलेले आहे असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. परंतु राग, भीती किंवा रडू आवरणे हे कोणतेही मूल जन्मतःच शिकून येत नाही. पाढे जसे सरावाने पाठ होतात, तसेच हेही सरावानेच येते आणि ते कुणीतरी शिकवावे लागते.

मेंदूत काय घडते?

धोका वाटला की मेंदूच्या आतील बदामाच्या आकाराचे एक लहानसे केंद्र चटकन सूचना देते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन हा स्राव रक्तात मिसळतो. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, मुठी आवळल्या जातात. ‘थांब, विचार कर’ असे सांगण्याचे काम कपाळामागच्या मेंदूच्या भागाचे असते. हा भाग सर्वांत सावकाश वाढतो. वयाची विशी उलटली तरी त्याची वाढ चालू असते. म्हणून सात वर्षांच्या मुलाला ऐन रागात केलेला उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आधी शरीर शांत व्हावे लागते, शिकवण त्यानंतरची.

मारामुळे किंवा ओरडण्यामुळे हे केंद्र आणखी भडकते. मूल गप्प बसते खरे, पण ते भीतीने. गप्प बसलेले मूल आणि शांत झालेले मूल यांत फरक आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या सतराव्या कलमाने शाळेत मारणे आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली आहे, हेही लक्षात ठेवावे.

याचा परिणाम शाळेपुरताच राहत नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा कमी होता, त्यांच्यात वयाच्या ३२ व्या वर्षी प्रकृतीच्या तक्रारी आणि पैशाची ओढाताण अधिक आढळली. दिलासा देणारी गोष्ट अशी की, मोठे होताना ज्यांनी हा ताबा कमावला, त्यांची स्थितीही सुधारलेली दिसली.

आपल्याकडची कारणे

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळ्यांचे काम चालते. एका खोलीच्या घरात वडील रात्री उशिरा येतात किंवा पहाटे निघतात आणि मुलाची झोप मोडते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप हवी. अपुरी झोप झालेले, सकाळी उपाशी आलेले मूल लवकर चिडते. परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुले किंवा घरी वारली बोलणारी मुले यांना पुस्तकी मराठीत मनातले सांगता येत नाही. शब्द सापडले नाहीत की हात उठतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील कित्येक कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते. डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा मुलांच्या मनातही धास्ती बसली. तेव्हा मूल ‘असे का वागते’ हे विचारण्याआधी ते कोठून आले आहे हे पाहावे.

मुलाकडे असे पाहण्याची परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे चालविले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर, गुरे चरतात त्या कुरणात न्यावी, असा त्यांचा मार्ग होता. ताराबाईंनी ज्या माँटेसरी पद्धतीला आपल्या मातीत रुजविले, तिच्यात शांततेचा एक खेळ आहे. मुले डोळे मिटून स्तब्ध बसतात, आसपासचे बारीक आवाज ऐकतात आणि शिक्षिकेने हळूच नाव पुकारले की पाय न वाजवता तिच्याकडे जातात. अंग आवरण्याचा हा सरावच आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

वर्गात काय करावे?

१. दिवसाची सुरुवात रोज एकाच क्रमाने करावी. पुढे काय होणार हे ठाऊक असले की मूल निर्धास्त असते.

२. रोज दोन मिनिटे श्वासाचा सराव घ्यावा. मनात तीन मोजत श्वास घ्यावा व पाच मोजत सावकाश सोडावा. श्वास लांबवून सोडल्याने हृदयाची गती मंदावते. हा सराव मूल शांत असताना व्हावा, तरच तो रागात आठवतो.

३. भावनेला नाव द्यावे. ‘तुला राग आला आहे, खरे ना?’ हे मुलाच्या घरच्या बोलीत विचारता आले तर उत्तम. शब्द ठाऊक नसेल तर मुलाकडूनच शिकून घ्यावा.

४. वर्गात एक निवांत कोपरा ठेवावा. तेथे जाऊन पाणी प्यावे, थोडे बसावे, मग परत यावे. ही शिक्षा नव्हे, हे सर्व मुलांना आधीच सांगावे.

५. राग ओसरल्यावर एकट्याला जवळ घेऊन दोन प्रश्न विचारावेत: काय झाले? पुढच्या वेळी काय करशील? चारचौघांत पाणउतारा करू नये.

६. स्वतःचा आवाज खाली ठेवावा. मूल मोठ्यांकडे पाहूनच शांत होण्यास शिकते. गर्दीच्या वर्गात हे सोपे नाही. म्हणून ‘मलाही राग आला आहे, मी आधी पाणी पितो’ असे गुरुजींनी म्हणण्यात कमीपणा नाही. तोही एक धडाच ठरतो.

पालकांनीही यातील श्वासाचा सराव आणि ते दोन प्रश्न घरी चालू ठेवावेत. झोपेची वेळ शक्यतो मोडू नये.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

काही आठवडे प्रयत्न करूनही मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करीत असेल, झोप-भूक उडाली असेल, शाळेचे नाव काढताच पोट दुखत असेल किंवा ते एकाएकी गप्प झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. कमी ऐकू येणे, कमी दिसणे किंवा घरातील मारहाण हेही चिडण्यामागे असू शकते. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो; मूल संकटात असल्यास १०९८ वर कळवावे.

हा बदल आठवड्याभरात दिसणार नाही. परंतु मारण्यासाठी उगारलेला हात एखाद्या दिवशी मुलाने आपणहून खाली घेतला, तर ती प्रगती समजावी आणि त्याला तसे सांगावे.