सर्व्हर कोणाच्या नावाने चालावा?

संगणकाच्या पोटातही हुद्दे आणि अधिकार असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या गावी नसते. लिनक्समध्ये प्रत्येक काम कोणा ना कोणा खातेदाराच्या नावाने चालते. शून्य क्रमांकाचा खातेदार तो रूट. त्याने कोणतीही फाईल वाचावी, पुसावी, दुसऱ्याचे काम बंद पाडावे. त्याला आडकाठी जवळजवळ नाहीच.

सर्व्हर म्हणजे बाहेरच्या जगाकडे उघडी ठेवलेली खिडकी. तेथे अनोळखी माणसे अहोरात्र अर्ज टाकतात. प्रोग्रॅममध्ये चूक राहिली, आणि ती राहतेच, तर एखादा लबाड अर्जदार खिडकीवरच्या कारकुनाकडून हवे ते करून घेतो. कारकून रूटच्या नावाने बसला असेल, तर त्याच यंत्रावरचा पतपेढीचा कर्जखाताही गेला! साचेखात्यातल्या माणसाला तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. येथे मात्र 'परवानगीची कटकट नको' म्हणून ती सर्रास दिली जाते. हा आळस होय.

उपाय सोपा आहे. त्या सेवेपुरता वेगळा खातेदार 'यूजरॲड' या आज्ञेने, 'सिस्टिम' हा पर्याय देऊन निर्माण करावा. अशांचे क्रमांक बहुधा १००० च्या खाली असतात. त्याला परवलीचा शब्द नसावा, आणि शेलच्या जागी 'नोलॉगिन' असावे, म्हणजे त्या नावाने कोणी आत येऊन बसणार नाही. लिहिण्याचा हक्क फक्त त्याच्या विदेच्या कप्प्यावर. प्रोग्रॅम व त्याची नियमावली रूटच्याच मालकीची ठेवावी. नाहीतर घुसलेला चोर कायदाच बदलून ठेवील! अनेक सेवा मिळून एकच 'नोबडी' वापरणेही वाईट, कारण एक फुटली की बाकीच्यांवर हात पडतो.

एक अडचण राहते. १०२४ खालची पोर्टे सामान्यतः रूटलाच घेता येतात, आणि संकेतस्थळाला तर ८० व ४४३ लागतात. म्हणून डेबियनवर एनजिनएक्सचा मुकादम रूट म्हणून उठतो, पोर्ट ताब्यात घेतो, आणि पुढचे काम 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या हाताखालच्यांवर सोपवतो. पोस्टग्रेस त्याहून करारी. रूट म्हणून चालवू गेल्यास त्याचा सर्व्हर सुरू होण्यासच नकार देतो.

गरजेपुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व साल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ साली मांडले. त्याने चोरी थांबते असे नव्हे. त्या सेवेची स्वतःची विदा जाऊ शकतेच, आणि कर्नेलमध्येच भगदाड असेल तर ही भिंतही अपुरी. आपल्या संस्थेचे यंत्र सांभाळणाऱ्याला 'पीएस' ही आज्ञा 'ऑक्स' जोडून चालवायला सांगा. पहिल्या रकान्यात प्रत्येक कामाचा धनी दिसतो. बाहेरच्यांचे अर्ज घेणाऱ्या कामांपुढे कोणाचे नाव आहे, तेवढे विचारा.