कोळशाने अरण्य रेखाटणारा युलिउस मार्झाक

चेक निसर्गचित्रकार युलिउस मार्झाक याचा जन्म २९ मार्च १८३२ रोजी पूर्व बोहेमियातील लितोमिश्ल या गावी झाला. संगीतकार बेद्रिख स्मेताना हाही याच गावचा, मार्झाकपेक्षा आठ वर्षांनी मोठा. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आणि चित्रकार होऊ पाहणाऱ्या चेक तरुणाला प्रागमध्ये शिकून झाले तरी पोटापाण्यासाठी बहुधा बाहेर पडावे लागे. मार्झाक प्रागच्या कला अकादमीत माक्स हाउसहोफर या जर्मन चित्रकाराच्या हाताखाली शिकला, पुढच्या शिक्षणासाठी म्युनिकला गेला आणि १८५८ मध्ये व्हिएन्नात येऊन राहिला. तिथे त्याची जवळजवळ तीस वर्षे गेली. चित्रकलेच्या शिकवण्या हा त्याचा तिथला मुख्य आधार होता.

मार्झाकचे नाव झाले ते मात्र कोळशाच्या रेखाटनांमुळे. विषय बहुतेक वेळा एकच: जंगल, तेही आतून पाहिलेले. दूरचा डोंगर, खालची दरी, वर मोकळे आकाश असा निसर्गचित्राचा नेहमीचा थाट त्याच्या या कामात फारसा नाही. समोर खोडे, वाकलेल्या फांद्या, दगडांवरचे शेवाळ, आणि पानांच्या गर्दीतून कुठेतरी आत आलेला उजेडाचा पट्टा. कोळसा या विषयाला फार सोयीचा. कांडी आडवी फिरवली की कागदावर मऊ, भुरकट सावली पसरते. टोकाने दाबून ओढली की ओल्या सालीसारखा गडद काळा उमटतो. बोटाने पुसले की धुके होते. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा किंवा कोळसा खरवडून काढायचा. एवढ्या सामग्रीत मार्झाक ओक, बीच आणि पाइन यांची जंगले वेगवेगळी ओळखू येतील अशी काढी. झाडाची जात आणि दिवसाची वेळ, दोन्हींचे त्याला सारखेच अगत्य होते.

ही रेखाटने सुटी नसत, तो त्यांच्या मालिका करी. त्यांतली सर्वात गाजली ती अरण्यातल्या एकांतावरची बारा चित्रांची मालिका. एचिंगच्या रूपात ती छापली गेली तेव्हा तिच्या जोडीला जर्मन कवी योझेफ व्हिक्टर फोन शेफेल याचे काव्य होते. शेफेल त्या काळी जर्मन वाचकांचा अत्यंत लाडका कवी. एरवी कवितेला चित्रे काढून घेतात. इथे मान चित्रांचा होता आणि कवीने त्यांच्यासाठी लिहिले. चेक सचित्र नियतकालिकांतूनही मार्झाकची चित्रे येत. मूळ चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून त्याचा ठसा छापायचा, ही तेव्हाची रीत. तैलचित्र विकत घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, अशा घरांतही त्यामुळे त्याची जंगले पोहोचली.

मायदेशाने त्याला मोठे काम दिले ते प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिराच्या निमित्ताने. व्ल्तावा नदीकाठी लोकवर्गणीतून उभे राहिलेले हे नाट्यगृह १८८१ च्या जूनमध्ये खुले झाले आणि ऑगस्टमध्ये आगीत सापडले. पुन्हा वर्गणी जमली आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये दारे परत उघडली. राजघराण्यासाठी राखलेल्या कक्षाकडे जाणाऱ्या जिन्यासाठी मार्झाकने चेक इतिहासातील आणि दंतकथांतील स्थळांची निसर्गचित्रे रंगवली. त्यात र्झिप आहे: सपाट मैदानात एकटीच उठलेली टेकडी, जिथून चेकांच्या आदिपुरुषाने हा मुलूख पाहिला अशी कथा. ब्लानिक आहे, ज्याच्या पोटात निजलेले वीर देशावर संकट आले की उठतील असे मानतात. रंगमंदिराच्या पायाभरणीसाठी १८६८ मध्ये ज्या ठिकाणांहून दगड आणले होते, त्यांत या दोन्ही डोंगरांचा समावेश होता. तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाला आपल्या आसनाकडे जाताना चेकांच्या अस्मितेची ही स्थळे ओलांडूनच जावे लागणार होते.

१८८७ मध्ये प्राग अकादमीने मार्झाकला निसर्गचित्रणाचा प्राध्यापक म्हणून बोलावले. हाउसहोफर १८६६ मध्ये वारल्यानंतर हा वर्ग जवळपास वीस वर्षे बंदच पडला होता. गुरूची रिकामी जागा शिष्याने भरली, तीही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. पुढे तो अकादमीचा प्रमुखही झाला. विद्यार्थ्यांना तो वर्गाबाहेर काढून प्रागजवळच्या ओकोर्झसारख्या ठिकाणी उघड्यावर चित्रे काढायला नेई.

या वर्गातून बाहेर पडलेली नावे पाहिली की मार्झाकची शिक्षक म्हणून योग्यता कळते. आंतोनिन स्लाविचेक, फ्रांतिशेक कावान, ओताकार लेबेदा, आलोइस काल्वोदा: चेक निसर्गचित्रणाची पुढची पिढी बहुतांशी इथलीच. त्यांपैकी फारसे कुणी गुरूसारखे रंगवू लागले नाही. स्लाविचेकच्या चित्रांत रंग आणि हवा यांनाच प्राधान्य आहे. गुरूच्या रोमँटिक अरण्यापासून तो बराच लांब गेला. वनखात्यातली वाट सोडून आलेला स्तानिस्लाव लोलेक हाही इथलाच विद्यार्थी. त्याच्या कोल्हिणीच्या चित्रांवरून रुडोल्फ त्येस्नोहलिडेकने कथा लिहिली आणि त्या कथेवर लेओश यानाचेकने १९२४ मध्ये रंगभूमीवर आलेला ऑपेरा रचला. मार्झाकची मुलगी पेपा हीदेखील चित्रकार झाली. अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता, ती वडिलांच्या हाताखाली शिकली.

मार्झाक ८ ऑक्टोबर १८९९ रोजी प्रागमध्ये वारला. वर्ग काही काळ स्लाविचेकने सांभाळला. गुरूची जागा आपल्याला मिळेल अशी त्याची अपेक्षा होती, पण अकादमीने ती त्याला दिली नाही.