मोळी आणि ओंडका

धूलकोट हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, असीरगडापलीकडचे सातपुड्यातले गाव. भोवती भिल, भिलाला, बारेला समाजांच्या वस्त्या, कापूस-तुरीची शेते आणि साग, सालई, धावडा, अंजन यांचे जंगल. या भागात चुली अजून पेटतात, आणि चुलीत काय जळणार हे बरेचदा हातातले हत्यार ठरवते. मध्य प्रदेशच्या निस्तार व्यवस्थेत जंगलापासून पाच किलोमीटरच्या आतल्या गावांना घरच्या वापरापुरते वाळके, पडलेले लाकूड डोक्यावरून आणण्याची मुभा आहे. डोक्यावरची मोळी म्हणजे बारीक लाकूड, मनगटाएवढे, कुऱ्हाडीच्या दोन-चार घावांत तुटणारे. मोळी आणणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्यांना झेपते तेच घरी येते. जाड लाकूड मागे राहते. म्हणून पावसाळ्यात उन्मळलेली बाभूळ शेताच्या बांधावर वर्षभर पडून राहू शकते, आणि तिच्याच शेजारच्या उभ्या झाडाच्या हिरव्या फांद्या सरपणासाठी उतरतात. बॅटरीवर चालणारी चेनसॉ अशा घरात आली तर तिची किंमत वेगावरून करू नये. पडून राहिलेला ओंडका ती चुलीच्या मापात आणते का, यावरून करावी. आणि या कसोटीवर हे यंत्र उतरते, असे माझे ठाम मत आहे.

कुऱ्हाड उभे लाकूड फोडण्यात अजोड आहे. तेच लाकूड आडवे तोडायचे म्हटले की ती उधळी होते. वीतभर जाडीच्या ओंडक्यात आरपार जायला जवळपास तेवढ्याच रुंदीची खाच पाडावी लागते. फूट-फूट लांबीचे तुकडे करत गेले तर लाकडाचा मोठा वाटा ढलप्यांतच जातो. ढलप्याही जळतात हे खरे, पण भरकन जळून संपतात, आणि त्यांच्यासाठी घातलेला प्रत्येक घाव कुणाच्या तरी खांद्यातून निघालेला असतो. चेनसॉची खाच एका सेंटिमीटरहूनही अरुंद असते. तिच्या साखळीच्या दातांचा आजचा वळणदार आकार अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने 1946 मध्ये शोधला, तो लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहून. त्याआधी, 1926 मध्ये, जर्मनीत श्टुटगार्टला आंद्रेआस श्टील यांनी बनवलेली करवत विजेवर चालणारीच होती; वजन 64 किलो, धरायला दोन माणसे. जंगलात वीज नव्हती म्हणून पेट्रोल आले. लिथियमच्या बॅटरीने ते यंत्र पुन्हा विजेवर आणले, फक्त आता ते एका माणसाला पेलते आणि त्याला वायर नाही.

बॅटरीत दम किती, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. 36 व्होल्ट आणि 4 अँपिअर-तास म्हणजे 144 वॉट-तास. कापताना मोटर सुमारे एक किलोवॉट ओढते असे धरले, तर प्रत्यक्ष कापण्याची आठ-नऊ मिनिटे मिळतात. वीतभर बाभळीच्या एका कापाला दहा सेकंद धरली तर पन्नासेक काप होतात. वाळलेल्या अंजनावर हा हिशेब टिकणार नाही. ते आपल्याकडच्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांपैकी आहे. तरीही वीस-पंचवीस काप म्हणजे चुलीचे बऱ्याच दिवसांचे काम. बॅटरी भरायला नुकसान धरूनही पाव युनिटपेक्षा कमी वीज लागते, त्यामुळे दिवसाचे काही तास वीज आली तरी भागते. बाजारात 21 व्होल्ट लिहिलेल्या सहा इंची पातीच्या छोट्या करवती स्वस्त मिळतात. तो आकडा पूर्ण भरलेल्या पाच सेलांचा असतो. कामाचा दाब 18 व्होल्ट. 2 अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग जेमतेम 36 वॉट-तास उरतात, वर मोजलेल्या ऊर्जेचा पाव हिस्सा. फांद्या छाटायला त्या ठीक. ओंडक्यासाठी त्या घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

मला याहून मोठा वाटतो तो फायदा वाळवणीचा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, आणि ते उडवण्यात चुलीची बरीच धग खर्ची पडते. उरतो तो धूर, जो स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. लाकडातले पाणी आडवे झिरपण्यापेक्षा रेषांच्या दिशेने, म्हणजे दोन्ही टोकांकडे, कितीतरी वेगाने सरकते. लांब ओंडका म्हणूनच आतून ओला राहतो, आणि फूटभराचा तुकडा, त्यातही फोडलेला, लवकर सुकतो. माघ-फाल्गुनात कापून, फोडून, हवेशीर रचून ठेवलेले सरपण मृगाच्या पावसाआधी वाळायला वैशाखाचे ऊन मिळते. फोडायला कुऱ्हाड लागणारच. यंत्राने तिचे सर्वांत थकवणारे काम तेवढे काढून घेतलेले असते.

गंभीर आक्षेप जंगलाचा आहे आणि बुऱ्हाणपूरमध्ये तो हलका करता येत नाही. 2022-23 मध्ये याच जिल्ह्याच्या नावरा वनपरिक्षेत्रात मोठ्या प्रमाणावर झाडे पाडली गेली. आवाज न करणारे यंत्र घराघरांत गेले तर काय होईल, ही भीती रास्त आहे. पण ती तोड अतिक्रमणासाठी, जमीन मोकळी करण्यासाठी होती. तिथे घरच्या चुलीचा प्रश्न नव्हता. शिवाय ही करवत मूक नसते. पेट्रोलच्या यंत्रापेक्षा तिचा आवाज कमी, पण साखळी लाकडात शिरली की शांत रानात तो दूरवर जातो. मला पटणारी मर्यादा वेगळी आहे: हे यंत्र बांधावर आणि अंगणात चालावे, जंगलात नेऊ नये. निस्ताराची मुभा डोक्यावर मावेल एवढ्याची आहे. जंगलात करवत शिरली की त्या मुभेचा आधारच जातो. उलट बांधावरचा ओंडका वापरात आला तर मोळीच्या खेपा कमी होतील. केळीच्या या जिल्ह्यात शेतातला पाला-खुंट भरपूर, पण केळीचा खुंट पाण्याने भरलेला, जळणाला निरुपयोगी. पऱ्हाट्या आणि तुराट्या झटकन जळतात; रात्रीच्या भाकरीनंतर निखारा टिकवायला जाड लाकूडच हवे.

उज्ज्वला योजना 2016 पासून आहे, मग चुलीवर खर्च कशाला, असेही विचारले जाईल. गॅस हेच उद्याचे उत्तर असावे, याबद्दल दुमत नाही. मात्र सिलिंडर घरात आला म्हणून चूल विझत नाही. पुन्हा भरायला रोख लागते आणि सरपणाला फक्त अंग लागते, म्हणून गरीब घरात दोन्ही शेजारी नांदतात. तोवर त्या अंगाचे कष्ट आणि तो धूर कमी करणे हे वाट पाहण्याजोगे काम नव्हे. एका घराला यंत्राची किंमत जड जाईल. बचत गटाने एक करवत आणि दोन बॅटऱ्या घेतल्या तर सरपणाच्या हंगामात ती वस्तीभर फिरू शकते.

अशा वेळी ती कुणाच्या हाती द्यायची याचा नियम मात्र कडक हवा. पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून तोंडाकडे येते. डोळ्याचे पाते लवण्याआधी. म्हणून साखळीचा ब्रेक नसलेले यंत्र घेऊच नये. सैल पदर, ओढणी, धोतराचा सोगा जवळ नको, पायांत चप्पल नको, डोळ्यांवर चष्मा हवा. ओंडका पायाने दाबून न धरता फुल्या ठोकून केलेल्या घोडीवर ठेवावा. साखळीला मोटारसायकलचे काढलेले काळे तेल घालायची सवय आपल्याकडे आहे. ते उडून अंगणात आणि सरपणावर पडते, त्यापेक्षा साखळीसाठीचेच तेल घ्यावे. आणि ओंडका मातीतून ओढत आणला असेल तर आधी झाडून घ्यावा, कारण वाळूने दात काही कापांतच बोथट होतात. जाड ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला की थांबून, बॅटरी काढून, गोल कानस प्रत्येक दातावर एकाच दिशेने दोन-तीनदा फिरवावी. बुऱ्हाणपूरच्या बाजारातून करवत आणणाऱ्याने ती कानसही त्याच दिवशी विकत घ्यावी.